परिच्छेद किती लांब असावा? नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

सांगली-साताऱ्याकडे लिहिणाऱ्यांची कमी नाही. गावच्या यात्रेची स्मरणिका निघते, शाळेचा सुवर्णमहोत्सव असतो, पतसंस्थेचा अहवाल छापायचा असतो, दिवाळी अंकाला लेख द्यायचा असतो, तालुक्याची बातमी पेपरला पाठवायची असते. असं मॅटर छपाईआधी वाचून नीटनेटकं करण्याचं काम माझ्याकडे सतत येतं. त्यात माहिती पक्की असते, भाषाही आपली असते, आणि तरी वाचणारा दुसऱ्या पानापर्यंत पोचत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. अख्खा लेख एका ठोकळ्यात ओतलेला असतो, नाहीतर दर वाक्याला एंटर मारून त्याचे तुकडे केलेले असतात.

मग लोक विचारतात, "पॅरा किती ओळींचा पाडायचा?" नुसता आकडा सांगून हा प्रश्न सुटत नाही. तरी सुरुवातीला हाताशी काही असावं म्हणून सांगतो: साध्या माहितीपर लेखात परिच्छेद चार ते सात वाक्यांचा, साधारण साठ ते शंभर शब्दांचा असला तर वाचायला जड जात नाही. हे माप लिहून झाल्यावर तपासायला वापरायचं. लिहिताना ते समोर ठेवलं तर विचार मध्येच तुटतात.

लिहिताना समोर ठेवायची गोष्ट वेगळी आहे. एका परिच्छेदाने वाचणाऱ्याच्या मनातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. उत्तर पुरं झालं की परिच्छेद संपला, मग तो तीन ओळींचा होवो नाहीतर पंधरा. शेताला पाणी देताना वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडतात. वाफे किती लांब पाडायचे हे जमिनीचा उतार बघून ठरतं, सगळ्या रानाला एक माप चालत नाही. परिच्छेदाचं तसंच आहे. मजकुराचा कल बघायचा आणि मग ठरवायचं.

खाली मी ज्या क्रमाने काम करतो, त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: मजकूर कुठे वाचला जाणार?

लिहायला बसण्याआधी एवढं विचारून घ्या: हे छापलं जाणार कुठे? पुस्तकाच्या पानावर, पेपरच्या कॉलममध्ये, की मोबाइलवर? तेच शंभर शब्द तिन्ही ठिकाणी वेगळे दिसतात. पुस्तकाच्या ओळीत साधारण नऊ-दहा मराठी शब्द बसतात, म्हणजे शंभर शब्दांचा परिच्छेद दहा-अकरा ओळींचा होतो आणि डोळ्यांना बरा वाटतो. मोबाइलवर ओळीला पाच-सहा शब्द धरले तर तोच परिच्छेद अठरा-वीस ओळींचा होतो आणि जवळजवळ सगळा स्क्रीन व्यापतो. पेपरच्या अरुंद कॉलममध्ये ओळीला चारच शब्द बसले, की पंचवीस ओळींचा उभा खांब तयार. म्हणून बातमीचे परिच्छेद तीस-चाळीस शब्दांत आटोपतात. बातमीदार घाईत असतो म्हणून ते तसे होतात असं नाही, कॉलमची रुंदीच ते ठरवते.

इथे एक धोक्याची सूचना. लेखनावरच्या इंग्रजी पुस्तकांत परिच्छेद शंभर ते दोनशे शब्दांचा असावा असं सांगितलेलं असतं आणि ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं जातं. ते आपल्याला लागू पडत नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'पुलापलीकडच्या' हा आपला एक शब्द झाला. त्याच अर्थाला इंग्रजीत चार-पाच शब्द लागतात. त्यामुळे मराठीतल्या शंभर शब्दांत इंग्रजीतल्या शंभरपेक्षा जास्त मजकूर मावतो. दोनशे मराठी शब्दांचा परिच्छेद म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यावर फार मोठं ओझं.

दुसरी पायरी: पहिला खर्डा न थांबता लिहा

पहिल्या खर्ड्यात परिच्छेदांचा विचार करू नका. जे सांगायचंय ते सलग लिहून काढा. मध्ये आपोआप थांबावंसं वाटलं तर एंटर मारा, नाही वाटलं तर राहू द्या. हे काम दुसऱ्या वाचनाचं आहे.

तिसरी पायरी: समासात प्रश्न लिहा

सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू. खर्डा कागदावर काढा, डाव्या बाजूला मोठा समास सोडा, आणि प्रत्येक वाक्यासमोर ते वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं ते दोन-तीन शब्दांत लिहा. उदाहरण घेऊ. हरिपूरवर स्मरणिकेसाठी कुणी असं लिहिलंय समजा:

"सांगलीजवळ हरिपूर हे गाव आहे. येथे कृष्णा व वारणा या नद्यांचा संगम असून संगमेश्वराचे देऊळ आहे. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे व रुंद पोटाचे कोठार. येथील माती घट्ट असल्याने आत ओल येत नसे. हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिकत असे. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले व हळदीचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे वळले."

माहिती चांगली आहे, एकही वाक्य अवघड नाही. तरी वाचून झाल्यावर नक्की काय वाचलं हे सांगता येत नाही. आता समास भरू. पहिली दोन वाक्यं: गाव कुठे, कसं? तिसरं ते सहावं: पेव म्हणजे काय आणि त्यात हळद टिकायची कशी? सातवं आणि आठवं: सांगलीच्या हळदीचं नाव किती मोठं? शेवटची दोन: पेवं का गेली?

समासात चार प्रश्न आले. पण म्हणून लगेच चार परिच्छेद पाडायचे नसतात. आधी बघायचं की लेखाला कोणते प्रश्न हवेत. लेख पेवांवर आहे. सौदे आणि मानांकन ही दोन वाक्यं खरी आहेत, पण पेवांच्या गोष्टीत मध्येच घुसली आहेत. त्यांच्यामुळेच वाचणारा अडखळला. ती काढून टाका, नाहीतर लेखाच्या सुरुवातीला न्या, जिथे सांगलीला हळदीचं एवढं महत्त्व का हे सांगायचंय. गाव कुठे आहे हे एका वाक्यात येतं, त्याला वेगळा परिच्छेद लागत नाही. मग उरतात दोन:

"कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळामुळे ओळखलं जाणारं हरिपूर एकेकाळी हळदीच्या पेवांसाठीही प्रसिद्ध होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट रुंद. इथली माती घट्ट, त्यामुळे आत ओल यायची नाही. हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची.

२००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं. हळदीचं मोठं नुकसान झालं आणि व्यापारी गोदामांकडे वळले."

दुसरा परिच्छेद दोनच वाक्यांचा आहे. तो लांबवायची काही गरज नाही. उलट पहिल्या परिच्छेदात 'ओल यायची नाही' म्हटल्यावर पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात पाणी आत शिरतं, आणि जे गेलं त्याचं मोल वाचणाऱ्याला कळतं. हीच दोन वाक्यं मूळ ठोकळ्यात होती तेव्हा ती मानांकनाच्या मागे दडली होती.

नव्याने लिहिणाऱ्याने हा समास पहिल्या चार-पाच लेखांना तरी भरावाच. पुढे तो मनातल्या मनात भरता येतो.

चौथी पायरी: लांब परिच्छेद मोडण्याआधी थांबा

परिच्छेद लांब दिसला की कापायचा, ही सवयही बरी नाही. काही मजकूर लांबच हवा असतो. कारणांची साखळी असते तेव्हा ती मध्ये तोडली की अर्थ सुटतो. साताऱ्याजवळच्या कास पठाराचं बघा. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि त्यावर लिहिणारे बहुतेकजण नुसत्या फुलांची नावं देतात. फुलं तिथेच का, हे सांगायचं असेल तर असं सलग लिहावं लागतं:

"पठार जांभ्या खडकाचं, वर मातीचा थर अगदी पातळ. मुळांना खोल जायला जागा नाही म्हणून मोठी झाडं उभी राहत नाहीत. पावसाळ्यात खडकावर पाणी साचून राहतं आणि मातीतलं सत्त्व धुऊन जातं. अशा जागी टिकतात त्या बुटक्या, पावसाळ्यापुरत्या वनस्पती. दवबिंदू आणि सीतेची आसवं यांच्यासारख्या काहींना मातीतून पुरेसं नत्र मिळत नाही, म्हणून त्या बारीक किडे पकडून ते मिळवतात. पावसाचे थोडेच महिने हातात असल्यामुळे फुलणं, बी धरणं सगळं त्यातच उरकायचं असतं, आणि पठारावर एकदम गालिचा दिसतो."

यात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याचा हात धरून आलंय. 'पावसाळ्यात' या शब्दाशी मोडलं तर पहिला तुकडा झाडांचा आणि दुसरा पाण्याचा वाटेल, आणि दोन्हींचं कारण तोच पातळ थर आहे हे वाचणाऱ्याच्या हातून निसटेल. हा परिच्छेद मोबाइलसाठी असला तरी मी तोडणार नाही. फार तर वाक्यं आणखी छोटी करीन.

लांब परिच्छेद मोडायचा तो पुढच्या ठिकाणी: काळ बदलला, जागा बदलली, बोलणारा बदलला, सांगण्याकडून मत देण्याकडे वळलात, किंवा सगळ्यांबद्दल बोलता बोलता एकाच उदाहरणात शिरलात. यांतलं काहीच झालं नसेल आणि तरी परिच्छेद जड वाटत असेल, तर दोष लांबीचा नाही. बहुधा एकच गोष्ट दोनदा सांगितली गेलीय. तिथे एंटर मारून उपयोग नाही, एक वाक्य खोडायला हवं.

लांब परिच्छेदाला आणखी एक जागा आहे. वाईला ज्याचं कार्यालय आहे त्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. नोंदींचे परिच्छेद चांगले भरगच्च असतात, कारण विश्वकोश उघडणारा माणूस नेमकी माहिती शोधतच आलेला असतो. तो परिच्छेदाला घाबरत नाही. तुमच्या स्मरणिकेचा वाचक मात्र जेवणाच्या पंगतीआधी पानं चाळत बसलेला असतो. दोघांना एक माप लावू नका.

पाचवी पायरी: एका ओळीचा परिच्छेद जपून वापरा

एका ओळीच्या परिच्छेदात ताकद असते, आणि म्हणूनच तो उधळून चालत नाही. महापुरावर सांगलीत पुष्कळ लिहिलं गेलंय. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फूट झाली की इशारा आणि ४५ फूट झाली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आता त्या पुरातल्या एका रात्रीवर लेख लिहिणाऱ्याने संध्याकाळचं सगळं एका मोठ्या परिच्छेदात सांगितलं: धान्याची पोती माडीवर नेली, म्हशी सोडून उंचावर बांधल्या, शेजारच्या आजींना उचलून आणलं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. मग नवी ओळ:

"मध्यरात्री पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं."

हा एका वाक्याचा परिच्छेद इथे शोभतो. आधीच्या परिच्छेदातली सगळी धावपळ त्याच्यापाशी येऊन थांबते. पण पुढे 'कुणी बोलत नव्हतं.' पुन्हा नवी ओळ, 'फक्त पाण्याचा आवाज.' पुन्हा नवी ओळ, असं सुरू झालं की पहिल्या ओळीचाही जोर जातो. मोबाइलवर लिहायची सवय लागल्यामुळे हल्ली असं फार दिसतं. एका लेखात असा परिच्छेद एकदा, फार तर दोनदा. आणि त्यात ठोस गोष्ट हवी: पायरी, वेळ, आकडा, वस्तू. 'सगळं संपलं होतं' अशा वाक्याला वेगळी ओळ दिली म्हणून ते मोठं होत नाही.

सहावी पायरी: सांधे तपासा

परिच्छेद पाडून झाले की फक्त प्रत्येकाचं पहिलं वाक्य वाचत लेखभर जा. मधलं काही वाचू नका. या वाक्यांवरून लेखाचा रस्ता कळला पाहिजे.

मराठीत इथे एक खास अडचण येते. आपण वाक्य 'तो', 'ती', 'ते', 'त्यामुळे', 'यावरून' अशा शब्दांनी सुरू करतो. एकाच परिच्छेदात ते बरोबर चालतं. पण परिच्छेद मोडला की मधे मोकळी जागा येते आणि वाचणाऱ्याचा धागा ढिला होतो. नव्या परिच्छेदाची सुरुवात 'ती फार जुनी आहे' अशी झाली, तर ती कोण? नदी, परंपरा, की मागच्या परिच्छेदातली आजी? मराठीत लिंगामुळे थोडा आधार मिळतो, पण मागे तीन स्त्रीलिंगी शब्द येऊन गेले असतील तर तोही तुटतो. म्हणून नव्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात नाव पुन्हा घ्या. 'ही परंपरा फार जुनी आहे' म्हणा. एका शब्दाने काम होतं.

'त्यामुळे' ने परिच्छेद सुरू होत असेल तर जरा संशय घ्या. बहुतेक वेळा ते वाक्य मागच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य असतं आणि चुकून खाली आलेलं असतं. 'पण' आणि 'मात्र' ने सुरुवात करायला काहीच हरकत नाही, कारण तिथे गाडी खरोखरच वळते.

आपल्या जुन्या पत्रांतही ही वळणं दिसतात. मोडी लिपीत लिहिणारे कारकून कागदावर आधी शिरोरेघ ओढून घेत आणि मग हात न उचलता लिहीत जात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, परिच्छेद तर नाहीतच. ती सोय एकोणिसाव्या शतकात छापखान्यांबरोबर रुळली, आणि विरामचिन्हं रुजवण्यात मराठी कोशाचं काम केलेले इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता. ही सोय नसतानाही जुनं पत्र वाचणाऱ्याला मुद्दा कुठे बदलला ते कळायचं, कारण 'ऐसियास' म्हटलं की समोरच्याची हकीकत संपून आपलं म्हणणं सुरू व्हायचं, आणि 'बहुत काय लिहिणे' आलं की पत्र आटोपलं. वाचणाऱ्याला वळण दाखवणं ही गरज जुनीच आहे. मोकळी ओळ सोडणं हा तिचा आजचा मार्ग.

संवाद असेल तर

इथे नियम सरळ आहे. बोलणारा बदलला की नवा परिच्छेद, मग तो एका शब्दाचा का असेना.

"मामा, हळद कधी काढली?"

"संक्रांत झाली आणि हात लावला." मामांनी पोत्यावरची धूळ झटकली.

"शिजवून झाली का?"

"व्हय. वाळतीय अजून. पंधरा दिस तरी ऊन खाऊ दे की तिला."

मामांनी धूळ झटकली हे त्यांच्याच बोलण्याच्या ओळीत ठेवलंय ते बघा. बोलणाऱ्याची हालचाल त्याच्या वाक्याबरोबर राहिली की 'मामा म्हणाले', 'मी म्हणालो' हे दरवेळी लिहावं लागत नाही.

अर्ज, निवेदन आणि सूचना

लेखापेक्षा जास्त माणसं अर्ज लिहितात, आणि तिथे परिच्छेद चुकला तर नुसता वाचक जात नाही, काम अडतं. तहसील कार्यालयात तुमचं निवेदन वाचणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर असे कितीतरी कागद असतात. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय झालं, कुठे-कधी झालं, आणि तुम्हाला काय हवंय. यांचे तीन परिच्छेद करा, त्यापेक्षा जास्त शक्यतो नको. 'महोदय' नंतरच्या पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यांत घटना. दुसऱ्यात तपशील: गट नंबर, तारखा, किती कुटुंबं, आधी दिलेल्या अर्जाचा संदर्भ. तिसऱ्यात फक्त मागणी, आणि तीही एकच. बरेचजण मागणी दुसऱ्या परिच्छेदाच्या पोटात लपवतात आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच लिहितात. योग्य ती म्हणजे कोणती, हे शोधायला कुणाला वेळ नसतो.

निवेदन दोन पानांचं होत असेल तर परिच्छेदांना क्रमांक द्या. उत्तर देताना कार्यालयाला 'परिच्छेद ३ मधील मागणीबाबत' असं लिहिता येतं, आणि तुम्हालाही पुढच्या वेळी तोच क्रमांक धरून बोलता येतं.

लोकांसाठीची सूचना असेल, म्हणजे पूर आला असता गावाला द्यायचा निरोप, तर तिथे एक सूचना, एक परिच्छेद. 'पाणी उकळून प्या' आणि 'मेन स्विच बंद करा' ही दोन वाक्यं एका परिच्छेदात ठेवू नका. घाबरलेला माणूस पहिली सूचना वाचून उठतो.

डीटीपीला देण्याआधी

चांगले पाडलेले परिच्छेद टायपिंगमध्ये बिघडतात, ते वाचवायला थोडं तांत्रिक बघावं लागतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारू नका. ओळ संपली की मजकूर आपोआप खाली येतो. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. फोनवर ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून मधे एंटर मारलेलं मॅटर पान लावायला घेतलं की प्रत्येक ओळ तुटते आणि ऑपरेटरला ती एकेक जोडत बसावी लागते. त्या जोडाजोडीत तुमचे खरे परिच्छेद कुठे होते ते कुणालाच कळत नाही.

छापील पानावर परिच्छेद दाखवायच्या दोन रीती आहेत: पहिली ओळ थोडी आत घ्यायची, किंवा दोन परिच्छेदांत मोकळी ओळ सोडायची. एक काहीतरी निवडा. दोन्ही एकदम केल्या की पान ठिकठिकाणी भोकं पडल्यासारखं दिसतं. पुस्तकाला आणि दिवाळी अंकाला पहिली रीत बरी, मोबाइलवर दुसरी. प्रूफ आलं की परिच्छेदांच्या शेवटच्या ओळींवरून नजर फिरवा. एकटा 'आहे' नाहीतर 'होते' खालच्या ओळीत पडला असेल तर आधीच्या वाक्यातला एखादा शब्द कमी करा. शब्द वर जातो आणि जागाही वाचते.

मोठ्याने वाचा

कागद हातात घेऊन घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. आई, आजोबा, शेजारचे काका, कुणीही चालेल. ऐकणाऱ्याला मजकूर दाखवू नका. परिच्छेद संपला की एक श्वास घ्या. तेवढ्यात ऐकणाऱ्याने 'मग?' म्हटलं तर परिच्छेद बरोबर जागी संपला. 'म्हणजे?' म्हटलं तर आत काहीतरी राहून गेलंय. आणि तुम्ही परिच्छेदाच्या मध्येच असताना ऐकणाऱ्याने दुसरीकडे बघायला सुरुवात केली, तर त्या वाक्यापाशी पेन्सिलीने खूण करा. मोडायची नाहीतर खोडायची जागा तीच असते.

सरावासाठी

महाबळेश्वर तालुक्यात, पाचगणीजवळ भिलार हे पुस्तकांचं गाव आहे. २०१७ मध्ये ते सुरू झालं. तिथे गावातल्या घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, एकेका घरात एकेक साहित्यप्रकार, आणि कुणीही बसून वाचू शकतं. परिच्छेद शिकायला यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही. एका दिवसात कथेच्या घरात बसा, मग इतिहासाच्या, मग बालसाहित्याच्या. प्रत्येक ठिकाणी मधलं कुठलंही एक पान उघडा आणि आधी मजकूर न वाचता फक्त परिच्छेदांचे आकार बघा. मग वाचा, आणि तो तिथेच का मोडला असेल याचं कारण शोधा. मुलांच्या पुस्तकात परिच्छेद छोटे का, इतिहासात मोठे का, आणि कथेत एका पानावर चार आकार का, हे वहीत लिहून ठेवा.

भिलारला जाणं जमत नसेल तर गावच्या वाचनालयातली तीन वेगळ्या प्रकारची पुस्तकं पुरतात. त्यातला तुम्हाला आवडलेला एक परिच्छेद हाताने उतरवून काढा, समास सोडून, आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याचा प्रश्न लिहा. मग त्याच आकाराचा, तेवढ्याच वाक्यांचा एक परिच्छेद तुमच्या गावाच्या बाजारावर लिहा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर निम्म्या लांबीचा.